इमारत सुस्थितीत आहे

धाकट्या जावेच्या शाळेला नवी इमारत मिळाली आणि मोठ्या बाईंना चहा गोड लागेनासा झाला.

मोठ्या बाई म्हणजे खालच्या वस्तीतल्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत, आणि घरीही त्या थोरल्याच होत्या. नवरा दोन भावांतला मोठा. घर एकच, खाली हे, वर धाकटा भाऊ आणि त्याची बायको. धाकटीही मुख्याध्यापिकाच, पण टेकडीवरच्या सरकारी शाळेची. वर जायचा जिना बाहेरून होता आणि तो नेमका मोठ्या बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जायचा. त्यामुळे धाकटी किती वाजता आली, हातात काय होतं, चेहरा कसा होता, हे सगळं ओट्याशी उभ्या उभ्या दिसायचं. हल्ली चेहरा फार खुशीत असायचा. तेच खुपायचं.

खरं तर धाकटीला या पेशात आणलं मोठ्या बाईंनीच. लग्न होऊन आली तेव्हा ती चारचौघांत बोलायलाही घाबरायची. नोकरीचा अर्ज कसा करायचा, वर्गात पहिल्या दिवशी काय बोलायचं, गोंगाट झाला तर आवाज चढवायचा नाही, उलट खाली आणायचा, हे सगळं तिला यांनी शिकवलं. शिकवताना हातचं काही राखलं नाही. आणि आता तीच धाकटी वर्तमानपत्रातल्या फोटोत नव्या इमारतीसमोर हसत उभी.

उद्घाटनाला जावं लागलंच. घरचं माणूस, न जाऊन कसं चालेल? मोठ्या बाई ठेवणीतली साडी नेसून गेल्या आणि मनाशी ठरवून गेल्या की भपका असेल नुसता, आत काही नसेल. पण आत होतं. वर्गांत इतका उजेड की दिवा लावायची गरज नाही. खिडक्या इतक्या खाली, की बसल्या जागी पोरांना झाड दिसावं. स्वच्छतागृहांना दारं, दारांना कड्या, नळांना पाणी. आणि जिन्याला दोन कठडे, एक मोठ्यांच्या हाताला येईल असा, आणि त्याच्या खाली दुसरा, लहानग्यांसाठी. मोठ्या बाईंनी त्या खालच्या कठड्यावरून हात फिरवला. पोरांच्या हाताची उंची कुणीतरी बसून विचारात घेतली होती. कुणाच्या पोरांच्या? तिच्या.

"ताई, कशी वाटली?" धाकटी धावतच आली.

"बरी आहे. रंग जरा भडक झालाय."

धाकटीचा चेहरा एवढासा झाला. पण मोठ्या बाईंना वाटलं होतं तेवढं बरं काही वाटलं नाही.

त्यांची स्वतःची शाळा म्हणजे एके काळचं कारखान्याचं गोदाम. वर पत्रा, मधे फळ्यांच्या भिंती. एका वर्गात पाढे सुरू झाले की शेजारची कविता त्या तालावर जायची. मागच्या अंगाला दोन पक्क्या खोल्या होत्या, पण त्यातल्या चौथीच्या खोलीत तुळईला तडा गेला होता आणि तिला खालून लाकडी टेकू दिला होता. मुलं त्या टेकूभोवती बसायची, खांबाभोवती बसावं तशी. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार सुतळीने बांधलेलं. थोरल्या मुली शाळेत दिवसभर पाणी पीत नसत. का, ते कुणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

अर्ज मोठ्या बाईंनी कमी केले नव्हते. पण शाळा बांधकाम मंडळाचा नियम असा, की पालकांनी आणि वस्तीने मिळून आधी आपला वाटा भरायचा, मग सरकार त्याच्या दुप्पट घालणार. टेकडीवर डॉक्टर, व्यापारी, वकील. त्यांनी एका बैठकीत वाटा उभा केला. खालच्या वस्तीत चामड्याच्या आणि रंगाच्या कारखान्यांतले कामगार. त्यांनी कुठून वाटा भरायचा? शून्याची दुप्पट शून्यच. नियम सगळ्यांना सारखा, असं मंडळाचे लोक मोठ्या तोंडाने सांगायचे.

मोठ्या बाईंना हे सगळं कळत होतं. नियमावर चिडायला हवं, हेही कळत होतं. पण नियमाला तोंड नसतं, तो रोज संध्याकाळी गुणगुणत जिना चढत नाही. त्यामुळे राग निघायचा तो धाकटीवर.

अशात एक दिवस मंडळाने जाहीर केलं की यंदा पहिल्यांदाच मोडकळीला आलेल्या शाळांसाठी वेगळा निधी ठेवला आहे, त्याला वस्तीचा वाटा लागणार नाही. तिघांची समिती शाळा बघत फिरेल आणि शिफारस करेल. मोठ्या बाईंनी त्याच दिवशी अर्ज टाकला. आठवडाभर त्यांचा मूड असा काही सुधारला, की नवऱ्याने दोनदा विचारलं, "काय, बरं आहे ना?"

मग त्याच नवऱ्याने जेवताना सहज सांगितलं, "समितीत आपली धाकटी पण आहे म्हणे. नवी इमारत बांधून घेतल्याचा अनुभव आहे ना, म्हणून घेतलंय."

मोठ्या बाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे ती येणार? माझी शाळा तपासायला?"

"तपासायला नाही गं, बघायला. आणि एक प्रकारे बरंच झालं की. घरचंच माणूस."

"तुम्हाला नाही कळायचं," त्या म्हणाल्या आणि पान तसंच टाकून उठल्या.

त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. धाकटी त्या सुतळीच्या दारासमोर उभी आहे. टेकूकडे बघते आहे. "अगंबाई, ताई!" असं म्हणत तोंडावर हात ठेवते आहे. आणि संध्याकाळी वर जाऊन नवऱ्याला सांगते आहे, "बिचाऱ्या ताई, कशा ठिकाणी दिवस काढले हो त्यांनी." बिचाऱ्या! त्या एका शब्दाच्या कल्पनेनेच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपायाला चुना आणायला पाठवलं. मग रंग. मग गवंडी बोलावला. त्याने तुळईचा तडा भरून घेतला, वरून गिलावा केला, आणि बाईंच्या सांगण्यावरून टेकू काढून बाहेर नेला. भिंतीवर जिथे तड्याची शेपटी उतरत होती तिथे जगाचा मोठा नकाशा लागला. स्वच्छतागृहाला बाहेरून नवं दार बसलं, आत कडी आणि नळाला पाणी तेवढं नव्हतं. फळ्यांच्या भिंतींवर मुलांनी काढलेली चित्रं लागली. शाळा सजली.

गणिताच्या बाई बरीच वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या. त्या एकदा कचरतच म्हणाल्या, "मोठ्या बाई, समिती मोडकळीला आलेल्या शाळा बघायला येतेय ना? मग आपण मोडकळ झाकतोय कशाला?"

"पाहुणे येणार म्हणून घर झाडतो की नाही? तसंच हे."

"पण पाहुणे कशासाठी येताहेत…"

"लक्तरं दाखवून हात पसरायचा नाही मला," मोठ्या बाई म्हणाल्या. "शाळेची अब्रू आहे काही."

गणिताच्या बाई चित्रं लावायला वळल्या. अब्रू शाळेची का आणखी कुणाची, हे विचारायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

समिती आली. अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश, चष्म्यावरून बघणाऱ्या. दुसरा मंडळाचा इंजिनियर, त्याला त्याच दिवशी आणखी बऱ्याच शाळा उरकायच्या होत्या. तिसरी धाकटी, साध्या साडीत, मागे मागे चालणारी. मोठ्या बाईंनी तिच्याकडे ओळखीचं हसूही टाकलं नाही. सगळ्यांना सारख्याच अदबीने "या" म्हणाल्या.

वर्गावर्गातून फिरणं झालं. मुलं एकदम उभी राहिली. पत्रा तापला होता, पण मोठ्या बाईंनी सकाळची वेळ मागून घेतली होती, त्यामुळे अजून सोसवत होता. चौथीच्या वर्गात इंजिनियरने वर एक नजर टाकली, पांढराशुभ्र गिलावा दिसला, कागदावर खूण केली. अध्यक्षाबाई मुलांना नद्यांची नावं विचारत होत्या. धाकटी नकाशापाशी थांबली. ती बराच वेळ तिथे का थांबली आहे, हे मोठ्या बाईंनी ओळखलं. ओल्या चुन्याचा वास अजून गेला नव्हता. धाकटीने नकाशाची एक कड दोन बोटांत धरली, जराशी उचलली आणि मागे वळून पाहिलं.

दोघी जावांची नजरानजर झाली. मोठ्या बाईंनी मान हलवली नाही, ओठ हलवले नाहीत. नुसतं पाहिलं.

धाकटीने कड सोडून दिली. "नकाशा छान आहे," ती म्हणाली.

जाताना अध्यक्षाबाईंनी मोठ्या बाईंचा हात हातात घेतला. "एवढ्याशा जागेत तुम्ही शाळा कशी आरशासारखी ठेवली आहे! बाकी ठिकाणी आम्ही काय काय बघितलं म्हणून सांगू. तुमच्यासारख्या मुख्याध्यापिका सगळीकडे हव्यात."

धाकटीच्या समोर! मोठ्या बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला. त्या संध्याकाळी खिडकीतून धाकटी जिना चढताना दिसली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता, आणि मोठ्या बाईंनी कित्येक महिन्यांनी साखर न वाढवता चहा प्यायला. छान लागला.

निकाल आला तो मंडळाच्या फलकावर. निधी मिळालेल्या शाळांत त्यांचं नाव नव्हतं. खाली शेरा होता, इमारत सुस्थितीत आहे, तूर्त निधीची आवश्यकता नाही. मोठ्या बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि फलकासमोर गर्दी होती म्हणून बाजूला झाल्या. त्यांना रडू आलं नाही. कुणावर रागावायचं हेच सुचेना, आणि असं त्यांचं कधी होत नसे.

पुढे पावसाचे दिवस आले. एका दुपारी मुलं मैदानात डबा खात असताना चौथीच्या वर्गातून धप्पकन आवाज आला. मोठ्या बाई धावत गेल्या. तुळईचा भरलेला गिलावा आणि त्याच्यासोबत तुळईचाही मोठा तुकडा दोन बाकांवर येऊन पडला होता. धूळ खाली बसत होती. बाकाची एक फळी मधोमध मोडली होती. आत कुणी नव्हतं. मोठ्या बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

मागून एक मुलगी आत शिरायला बघत होती. तिचं दप्तर त्या ढिगाखाली होतं. बाईंनी तिला मागे ओढलं, स्वतः वाकून दप्तर काढलं, झटकलं. मुलीने ते घेतलं आणि विचारलं, "बाई, मग आता आम्ही कुठे बसायचं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच फक्त जागा हवी होती.

त्या संध्याकाळी मोठ्या बाई जिना चढून वर गेल्या. उद्घाटनानंतर पहिल्यांदाच. धाकटी वह्या तपासत बसली होती. यांना पाहून तिने लगबगीने खुर्ची पुढे केली. मोठ्या बाई बसल्या नाहीत.

"तू नकाशामागे बघितलं होतंस."

धाकटीने पेन खाली ठेवलं. "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तसं बघितलंत म्हणून."

"मी बघितलं म्हणून? चौथीचा गिलावा पडला आज. डबा खायची सुट्टी नसती तर…"

धाकटी पांढरीफटक पडली. ती खाली बघून बोलली. "ताई, खरं सांगू? तुम्ही बघितलंत म्हणून गप्प बसले, हे अर्धंच. मला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हटलं, यांना सगळं झकास दाखवायचंय ना, मग दाखवू देत. पडू देत एकदा तोंडघशी."

"मी काय वाकडं केलंय तुझं?"

"काही नाही. माझ्या शाळेत लोक येतात ते इमारत बघायला. कठड्याचे फोटो काढतात, जातात. आणि तुमच्यासोबत बाजारात गेलं की दर चार पावलांवर कुणीतरी सायकल थांबवतो. मोठ्या बाई, ओळखलंत का? मी अमक्या साली तुमच्याकडे होतो. कुणी रंगारी, कुणी नर्स, कुणी ड्रायव्हर. मी पिशवी धरून बाजूला उभी. मला आजवर एकाने थांबवलेलं नाही. अध्यक्षाबाईंनीही त्या दिवशी हात धरला तो तुमचा. गाडीत बसल्यावर वाटेभर तुमचंच कौतुक. माझा नुसता जळफळाट झाला."

मोठ्या बाई आता खुर्चीवर बसल्या. आपला कुणी हेवा करावा, आणि तोही हिने, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. रागवायला आल्या होत्या, राग होताही, पण त्याच्या आडून काहीतरी सुखद, लाजिरवाणं असं वर येत होतं. त्यांना स्वतःचीच शरम वाटली. पोरांच्या डोक्यावर छत पडायची वेळ आली, आणि आपण इथे बसून खूश होतोय!

"मूर्ख आहोत आपण दोघी," त्या म्हणाल्या.

"हो," धाकटी म्हणाली आणि रडू लागली.

मंडळाची खुली बैठक तोंडावर आली होती. तिथे टेकडीवरच्या शाळेच्या सभागृहाचाही विषय होता. पालकांनी वाटा भरून ठेवला होता, नुसती मंजुरी बाकी होती. मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. चाळीस मुलांना एका नजरेत गप्प करणारी बाई, पण इथे शब्द फुटेना.

"आमची इमारत सुस्थितीत नाही," त्या म्हणाल्या. "ती सुस्थितीत दिसावी म्हणून मी टेकू काढला, तडा बुजवला, वर नकाशा लावला. समितीचा दोष नाही. मी फसवलं."

बैठकीत कुजबुज झाली. इंजिनियर ताडकन म्हणाला, "मग आता जे सांगताय त्यावर तरी विश्वास का ठेवायचा आम्ही?"

"माझ्यावर ठेवूच नका. कधीही या, न कळवता या. दुपारी या, पत्रा तापल्यावर. आणि मोठ्या मुलींना विचारा, दिवसभर पाणी का पीत नाहीत म्हणून."

"पण तुम्ही हे केलंत कशासाठी?" अध्यक्षाबाईंनी विचारलं.

मोठ्या बाईंची नजर धाकटीकडे गेली. समोरच्या रांगेतून धाकटी उठली.

"तडा मीही बघितला होता. समितीत असून बोलले नाही, म्हणजे दोष माझाही आहे," ती म्हणाली. पूर्वी चारचौघांत घाबरणारी ती, आता तिने आवाज खाली आणला आणि खोली आपोआप शांत झाली. "पण एक विचारते. आमच्या शाळेला इमारत मिळाली ती आम्हाला गरज जास्त होती म्हणून नाही. आमचे पालक आधी पैसे भरू शकले म्हणून. ज्यांच्याकडे आहे त्यांना दुप्पट, ज्यांच्याकडे नाही त्यांनी एका निधीसाठी आपसात स्पर्धा करायची, कुणाची भिंत जास्त फुटली म्हणून. पोरं तर सगळी सरकारच्याच शाळेतली आहेत. आमचं सभागृह थांबलं तरी आमची मुलं छताखाली बसतील. आधी यांचं छत करा."

टाळ्या वाजल्या. आधी मागून, मग सगळीकडून. टेकडीवरचे पालक तेवढे हाताची घडी घालून बसले होते. अध्यक्षाबाई चष्मा काढून धाकटीकडे कौतुकाने बघत होत्या.

आणि मोठ्या बाईंना पुन्हा तेच खुपलं. शाळा माझी, फजिती माझी, कबुली मी दिली, आणि टाळ्या हिला! त्यांनीही टाळ्या वाजवल्या, वाजवाव्याच लागल्या. वाजवता वाजवता डोळे भरून आले आणि ते कशाने, हे त्यांना सांगता आलं नसतं.

समिती न कळवता आली. चौथीचा वर्ग व्हरांड्यात भरलेला तिने बघितला. टेकडीवरचं सभागृह लांबणीवर पडलं आणि खालच्या वस्तीच्या शाळेला मंजुरी मिळाली, पूर्ण नाही, दोन टप्प्यांत, पहिल्या टप्प्यात सहा वर्ग आणि स्वच्छतागृहं. नियम काही बदलला नाही. पण ज्या वस्त्या वाटा भरू शकत नाहीत त्यांचं काय करायचं, हे बघायला मंडळाने एक माणूस नेमला, आणि मंडळाच्या मानाने तेही पुष्कळ होतं. धाकटीला मात्र भोगावं लागलं. पालकांनी तिच्याशी बोलणं तोडलं, वर्षाच्या शेवटी तिची बदली मागितली. बदली झाली नाही, पण कार्यक्रमांत तिला मागच्या रांगेत बसवू लागले.

पहिल्या टप्प्याचं काम पुरं झालं त्या दिवशी छोटासा समारंभ झाला. अध्यक्षाबाई बोलल्या आणि बोलता बोलता धाकटीला व्यासपीठावर बोलावलं. परत टाळ्या. वस्तीतल्या बायकांनी तर तिला गराडाच घातला.

संपल्यावर दोघी चालतच घरी निघाल्या. रस्त्यावर कारखाने सुटल्याची गर्दी होती. मोठ्या बाई मान खाली घालून चालत होत्या.

"ताई, चेहरा का पडलाय? आज तर तुमचा दिवस."

मोठ्या बाईंनी काहीतरी सबब सांगायला तोंड उघडलं, मग विचार बदलला. "तुला टाळ्या जास्त पडल्या."

धाकटी रस्त्यातच थांबली. "मोजल्यात की काय?"

"मोजायला कशाला हव्यात? कान आहेत मला."

धाकटी हसायलाच लागली, इतकी की तिला भिंतीला हात टेकावा लागला. मोठ्या बाईंना आधी राग आला, मग त्यांनाही हसू आवरेना. येणारे-जाणारे वळून बघू लागले. एक कामगार सायकलवरून उतरला आणि काळजीने म्हणाला, "मोठ्या बाई, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे रे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "ही माझी धाकटी जाऊ. हिला विचार, हिची शाळा कुठली."